उंबरठा किती उंच ठेवायचा?

ठाणे-कल्याणच्या बातम्यांच्या पानावर मे महिन्यात आणि पुन्हा गणपतीच्या आठवड्यात एक वाक्य हमखास भेटतं. कुटुंब गावी गेलेलं असताना बंद घराचा कडीकोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी अमुक तोळे लांबवले. सोसायटी बदलते, तोळे बदलतात. 'उचकटून' बदलत नाही. शब्द लहानपणापासून ओळखीचा. पण उचकटताना दाराला नेमकं काय होतं, किती जोरात होतं, किती वेळ होतं, याचा विचार करायची वेळ आली ती आईच्या डोंबिवलीच्या घराला सेन्सर बसवला तेव्हा.

घर पूर्वेला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. तीन मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, आत लाकडी दार, बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर. उन्हाळ्यात आणि गणपतीत आई लांज्याला जाते, तेव्हा घराला कुलूप. न्यू जर्सीहून दादानं काळजीपोटी एक सुंदर संच पाठवला. डब्यावर ९१५ मेगाहर्ट्‌झ हा आकडा पाहिला आणि मी तो पुन्हा डब्यात घातला. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना वापरायला मोकळा आहे. आपल्याकडे त्याच भागात मोबाइल कंपन्यांच्या लहरी धावतात. भारतात घरगुती उपकरणांना परवान्याशिवाय मोकळे असलेले पट्टे वेगळे: ८६५ मेगाहर्ट्‌झच्या पुढचा छोटासा तुकडा, आणि वाय-फाय, ब्लूटूथ वापरतात तो २.४ गिगाहर्ट्‌झचा. परदेशातून कोणी असं काही पाठवत असेल तर आधी हा आकडा विचारून घ्या, कस्टमची काळजी नंतर.

मग इथेच दोन वस्तू घेतल्या. एक दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लावायची पांढरी डबी, माणसाची चाहूल घेणारी. दुसरं दाराला चिकटवायचं बटण, शर्टाच्या खिशात हरवेल एवढं. ॲप उघडलं तर बटणासाठी दोनच पट्ट्या सरकवायच्या होत्या. एक 'मोशन', दुसरी 'इम्पॅक्ट'. हालचाल आणि धक्का. दोन्ही मधोमध ठेवलेल्या. कंपनीनं मधोमध ठेवलंय म्हणजे विचार करूनच ठेवलं असणार, अशी माझी समजूत. कुणाच्या घराचा विचार करून, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पहिल्या रात्री अलर्ट मोजायचे मी अकरावर सोडून दिले. सकाळी आईचा फोन.

"अरे, तुझं ते बटण रात्रभर लुकलुकत होतं."

"काही नाही गं, सेटिंग करायचंय अजून."

"ते कर बाबा. चोराची नाही, मला त्या दिव्याचीच भीती वाटायला लागली."

बटणाच्या पोटात काय असतं ते आधी पाहू, कारण ते कळल्याशिवाय पट्ट्या सरकवणं म्हणजे अंधारात काडी शोधणं. आत तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसलेली एक चिप असते, ॲक्सेलरोमीटर. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, ते हिच्यामुळे. गाडीची एअरबॅग फुगवायचा हुकूमही तिचीच मोठी भावंडं देतात. चिपमध्ये सिलिकॉनचे दोन कंगवे असतात, एकाचे दात दुसऱ्याच्या दातांमध्ये शिरलेले. एक कंगवा पक्का, दुसरा अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर तरंगता. दार हललं की पक्का कंगवा दाराबरोबर जातो आणि तरंगता किंचित मागे राहतो. लोकल सुटते तेव्हा दरवाजातल्या उभ्या माणसांचं होतं तेच. दातांमधलं अंतर बदललं की त्यांच्यातली विद्युत धारिता बदलते, आणि चिप तो बदल आकड्यात सांगते.

आकडा असतो 'जी'मध्ये. १ जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीएवढं त्वरण, दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद. टेबलावर निवांत पडलेलं बटणसुद्धा १ जी दाखवतं, कारण पृथ्वी काही सुट्टीवर जात नाही. उलट ते हातातून सुटून खाली पडत असतं तेवढा वेळ शून्य दाखवतं. घरातल्या हालचाली याहून पुष्कळ लहान, म्हणून ॲपमध्ये आकडे हजाराव्या भागात असतात, मिली-जी. इंग्रजीत तो 'एमजी' असा लिहितात, आणि आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळीवरही तेच लिहिलेलं असतं. मिलिग्रॅमशी याचा काही संबंध नाही.

आता पहिली पट्टी, हालचालीची. बऱ्याच बटणांमध्ये हालचाल म्हणजे कलणं. स्थिर वस्तू कलली की पृथ्वीची ओढ चिपच्या एका अक्षावरून दुसऱ्यावर सरकते. १० अंश कललं तर फरक सुमारे १७४ मिली-जी, ५ अंशांना ८७. चिपच्या दृष्टीनं हा ढळढळीत फरक आहे. त्यामुळे पाण्याच्या टाकीचं झाकण, टपालपेटीचं पान, पार्किंगमधली स्टँडवरची स्कूटर, यांना कलण्याची पट्टी उत्तम चालते. दाराला मात्र चालत नाही, आणि हे माझ्या डोक्यात शिरायला चार दिवस लागले. दार बिजागरीवर फिरतं ते उभ्या अक्षाभोवती. कितीही उघडा, पृथ्वीची ओढ त्याच्या लेखी जिथल्या तिथेच. कलणं शून्य.

मग दार उघडल्याचं काहीच कळत नाही का? कळतं, पण उघडणारा घाईत असेल तर. ८० सेंटिमीटर रुंदीचं दार एका सेकंदात काटकोनात उघडलं तर कडीकडच्या कडेला दोनशेच्या आसपास मिली-जी जाणवतात. तेच दार पंधरा सेकंद घेऊन, मूल झोपलंय अशा बेतानं उघडलं तर एक मिली-जीसुद्धा भरत नाही. आणि बटण कडीच्या बाजूला न लावता बिजागरीजवळ लावलं, तर आहे त्याच्याही आठव्या-दहाव्या हिश्श्यावर भागवावं लागतं. मी अर्थातच बिजागरीजवळ लावलं होतं, कारण तिथे ते दिसत नव्हतं.

दार उघडलं की नाही, एवढंच हवं असेल तर जुनी चुंबकाची जोडी याहून भरवशाची. काचेच्या बारीक नळीत दोन पातळ पट्ट्या, समोर चौकटीवर चुंबक. चुंबक दूर गेला की पट्ट्या सुटतात. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९३६ साली निघालेली ही युक्ती आजही स्वस्तातल्या स्वस्त दार-सेन्सरमध्ये असते. फक्त ती लोखंडी सेफ्टी डोअरवर थेट चिकटवू नये. लोखंड चुंबकाची रेघच वळवतं. आतल्या लाकडी दारावर लावावी. पण ती सांगते ते दार उघडल्यावर, म्हणजे कडीकोयंडा उचकटून झाल्यावर. बटणाकडून मला त्याच्या आधीची पाच मिनिटं हवी होती.

म्हणून दुसरी पट्टी, धक्क्याची. इथे ॲप विचारतं 'थ्रेशोल्ड' किती. याला मराठीत उंबरठा म्हणतात आणि दाराच्या बाबतीत तो शब्द इतका नेमका बसतो की तांत्रिक शब्द घडवणाऱ्या समितीला काही करायला उरू नये. उंबरठ्याच्या अलीकडचा धक्का घरातला, पलीकडचा दखल घेण्याजोगा. उंबरठा बुटका ठेवला तर मांजरही ओलांडून येतं. फार उंच ठेवला तर पाहुणासुद्धा अडखळतो. अकरा अलर्टच्या रात्रीनंतर मी तो सरळ दुप्पट केला. दुसऱ्या रात्री शांतता. तिसऱ्या दिवशी मी स्वतः दारावर थापा मारल्या, तरी शांतता. म्हणजे सेन्सर झोपला होता आणि मी समाधानी होतो.

खोट्या अलर्टचं पाप मी पहिल्या दिवसापासून रेल्वेच्या माथी मारलं होतं. ठाण्याची घरं १६ एप्रिल १८५३पासून आगगाडीचा हादरा खातायत, कल्याणची १८५४पासून. आपणही खाऊ, अशी मनाची समजूत. रात्री शेवटची लोकल गेली की मालगाड्या सुरू होतात, त्या लांबलचक आणि जड. पायाखालची फरशी किणकिणते. शंकेला जागाच नव्हती.

तरी एक हिशोब जुळेना. माणसाचं शरीर हादऱ्याच्या बाबतीत फार हळवं असतं. एक-दोन मिली-जीची थरथर स्वस्थ बसलेल्या माणसाला जाणवू लागते. स्वस्त ॲक्सेलरोमीटरची स्वतःचीच खरखर त्याहून जास्त असते. म्हणजे गाडीचा जो हादरा आईच्या तळव्यांना कळत होता, तो बटणाला खरं तर कळायलाच नको होता. मग रात्री बटण कशावर लुकलुकत होतं?

त्याचं उत्तर मिळायला एक रात्र दारापाशी खुर्ची टाकून बसावं लागलं. एकच्या सुमारास मालगाडी आली. फरशी थरथरली, आणि सेकंदभरानं सेफ्टी डोअरची सैल कडी कोयंड्यात वाजायला लागली. टिक, टिक-टिक, टिक. लोखंडावर लोखंड. धक्का बारका, पण जवळचा आणि धारदार. चिपला गाडी कळतच नव्हती, तिला कडी कळत होती. दुसऱ्या दिवशी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून कोयंड्यात बसवला. दोन्ही पट्ट्या पुन्हा मधोमध आणल्या. त्या रात्री दोन अलर्ट आले, त्यातला एक दूधवाल्याचा.

इथे माझं मत सांगून टाकतो: खोटे अलर्ट आले की लोक ॲपमध्ये शिरतात, आणि शिरायला हवं ते दारात. सैल कडी, निसटलेला स्क्रू, वाऱ्यानं हलणारं तोरण, दाराला अडकवलेली दुधाची पिशवी, यांतलं काहीही सेन्सरच्या लेखी चोरच. हे सगळं आवरलं की मगच उंबरठ्याच्या उंचीचा प्रश्न खरा होतो. आणि ती उंची ठरवायची तर आधी घराचा आठवडाभर हिशोब ठेवायला हवा. बहुतेक ॲप अलर्ट बंद ठेवून नुसती नोंद करू देतात. तसं सात दिवस चालू द्यावं. पहाटे पाण्याचा पंप सुरू होतो तेव्हा किती, वरच्या मजल्यावरचं पोर सोफ्यावरून उडी मारतं तेव्हा किती, शेजारचं वॉशिंग मशीन कपडे पिळतं तेव्हा किती, आई खलबत्त्यात लसूण ठेचते तेव्हा किती. या सगळ्यांच्या डोक्यावरून थोडा वर उंबरठा बांधायचा. सात दिवसांत रविवार आलाच पाहिजे, कारण रविवारचं घर वेगळं असतं.

पण नुसत्या उंचीवर भागत नाही. हे पटण्यासाठी डोंबिवली सोडून थोडं साताऱ्याकडे जायला हवं.

११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. हादरा मुंबई-ठाण्यापर्यंत जाणवला. कोयनानगरात घरं कोसळली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या आतल्या गॅलरीत तेव्हा एक यंत्र बसवलेलं होतं, जोरदार हादऱ्यांची नोंद करणारा ॲक्सेलरोग्राफ. त्या काळची अशी यंत्रं सतत चालू नसायची. फिल्म आणि बॅटरी वाचवण्यासाठी ती निजून राहत, आणि हादरा ठरलेल्या उंबरठ्यापलीकडे गेला की जागी होऊन लिहू लागत. म्हणजे आईच्या दारावरच्या बटणाचा हा थोरला आजोबाच. त्या पहाटे तो जागा झाला आणि त्यानं लिहिलेला आलेख जगभरच्या धरण-अभियंत्यांनी पुढे पन्नास वर्षं अभ्यासला. त्यातला सर्वात मोठा आकडा होता ०.६३ जी. मिलीत सांगायचं तर ६३०.

आता गंमत अशी की वाऱ्यानं धाडकन आपटलेलं दार ६३० मिली-जी सहज ओलांडतं. लोखंडी दारावर हातोडीचा एक घाव तर कित्येक जीपर्यंत जातो. कोयनेच्या भूकंपापेक्षा जोरात! तरी दार शाबूत राहतं आणि कोयनानगर कोसळलं. फरक आहे वेळेचा. हातोडीचा घाव काही सहस्रांश सेकंदांत संपतो. कोयनेचा जोराचा हादरा काही सेकंद चालला, इकडून तिकडे, पुन्हा पुन्हा, पायापासून छपरापर्यंत. कळसाचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. किती वेळ आणि किती वेळा, ही उरलेली अर्धी.

म्हणून चांगल्या सेन्सरमध्ये उंबरठ्याच्या खाली आणखी दोन-तीन सेटिंग दडलेली असतात. बहुतेक लोक तिथे जात नाहीत. एक असतं कालावधीचं: उंबरठ्यापलीकडे किती मिलिसेकंद राहिलं तर मोजायचं. झटक्यात वर जाऊन खाली आलं तर ती थाप. वर जाऊन रेंगाळलं तर ती हालचाल. दुसरं असतं मोजणीचं: अमुक वेळात किती धक्के आले तर ओरडायचं. मला हवं होतं ते याच दोघांत. दारावरची थाप दोन-तीन ठोक्यांची आणि मग माणूस वाट बघतो. आपटलेल्या दाराचा एक मोठा घाव, संपलं. कडीकोयंडा उचकटणारा मात्र आवाजाला भितो, म्हणून जोर मुद्दाम कमी ठेवतो. पहारीचं टोक आत सरकवायचं, दाबायचं, थांबायचं, कानोसा घ्यायचा, पुन्हा दाबायचं. त्याची खूण जोर नाही, चिकाटी आहे. तेव्हा उंबरठा मध्यम ठेवला आणि एका मिनिटात पाच धक्के झाले तरच अलर्ट, असं बांधलं.

मग तपासायला म्हणून बाहेर उभा राहून स्क्रू ड्रायव्हरनं कोयंडा हलवायला लागलो. चौथ्या हिसक्याला समोरच्या काकूंचं दार उघडलं.

"काय रे, चावी विसरलास?"

पाचवा हिसका मी त्यांच्यादेखत दिला. खिशातला फोन वाजला. काकू माझ्याआधी जाग्या झाल्या होत्या, हे मी नोंदीत लिहिलं नाही.

नोंदी किती दाट घेतल्या जातात, हाही एक मुद्दा. सेन्सर सेकंदाला दहा वेळाच दाराकडे बघत असेल तर दोन नजरांमध्ये शंभर मिलिसेकंदांची डुलकी असते, आणि पाच मिलिसेकंदांचा घाव त्या डुलकीत आरामात निसटतो. सेकंदाला शंभर वेळा बघितलं तर सापडण्याची शक्यता पुष्कळ, पण सेल लवकर संपतो. नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलीअँपिअर-तास साठा असतो. चिपनं सतत २० मायक्रोअँपिअर ओढले तर तो वर्षाहून थोडा जास्त चालेल. २०० ओढले तर दीड महिना. रेडिओवरून निरोप पाठवायचा खर्च आणखी वेगळा. खोटे अलर्ट म्हणूनच महाग पडतात: प्रत्येक लुकलुकीनं सेल झिजतो आणि खरी वेळ येते तेव्हा बटण थंड पडलेलं असतं. 'लांडगा आला रे आला'मधला मुलगा निदान दमून मेला नव्हता.

आता कोपऱ्यातली पांढरी डबी. तिला पीआयआर म्हणतात आणि ती काहीही सोडत नाही, फक्त बघते. तेही आपण बघतो तो उजेड नव्हे, अंगातून निघणारी उष्णता, सुमारे १० मायक्रोमीटर लांबीच्या लहरी. डबीच्या तोंडावर खवल्यांसारखी दिसणारी प्लास्टिकची भिंगं असतात. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२०च्या दशकात दीपगृहांसाठी काढलेली ही रचना खोलीचे पंख्यासारखे पट्टे पाडते. उष्ण वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की आतल्या स्फटिकावरचा विद्युतभार बदलतो. म्हणून तिच्या समोरून आडवं जाणारा माणूस चटकन सापडतो, सरळ तिच्याकडे चालत येणारा उशिरा, आणि सोफ्यावर निश्चल बसलेला सापडतच नाही. खिडकीच्या काचेपलीकडचं कबूतर तिला दिसत नाही, कारण साधी काच या लहरी अडवते. खिडकी उघडी असेल तर मात्र कबूतर, पाल, उन्हानं तापलेला हलता पडदा, सगळे हजर. खोक्यावर 'अमुक किलोपर्यंतचे पाळीव प्राणी दुर्लक्षित' असं लिहिलेलं असतं. डबीला वजन कळत नाही, ती फक्त उष्ण आकार किती मोठा आणि किती उंचावर एवढंच जाणते. उंच कपाटावर चढलेलं मांजर तिच्या लेखी माणूसच.

आपल्याकडे तिची खरी अडचण वेगळीच आहे. तिला दिसतो तो फरक: माणसाच्या त्वचेचं तापमान आणि मागच्या भिंतीचं तापमान यांतला. त्वचा असते ३३-३४ अंशांवर. थंड देशातल्या २० अंशांच्या भिंतीपुढे माणूस पेटत्या मशालीसारखा उठून दिसतो. डोंबिवलीतलं एखादं शेवटच्या मजल्यावरचं घर, मे महिना, खिडक्या बंद, वर तापलेला स्लॅब. दुपारी भिंतीच ३४-३५वर जातात. माणूस भिंतीत विरघळतो. चांगल्या डब्या तापमान बघून आपली संवेदना थोडी वाढवतात, स्वस्त डब्या तसं करत नाहीत. आणि घरं बंद राहतात ती नेमकी मेमध्ये. म्हणून माझा कौल दाराच्या बटणाला. डबी असावी, पण रात्रीच्या भरवशावर. सेटिंग करताना हिवाळ्यात करून निश्चिंत होऊ नये, एप्रिलअखेरीस दुपारी तीनला पुन्हा एकदा समोरून चालून बघावं.

ऋतूची दुसरी खोडी पावसाळ्यात. जुनं लाकडी दार फुगतं, चौकटीत अडकतं, आणि त्याला खांद्यानं ढकलल्याशिवाय ते बंद होत नाही. मेमध्ये बांधलेला उंबरठा जुलैमध्ये आई स्वतःच दिवसातून चारदा ओलांडते. शिवाय दमट हवेत चिकटपट्टी सुटते. एका सकाळी 'मुख्य दार: फ्री फॉल' असा निरोप आला, म्हणजे बटण खाली पडलं होतं, पडताना चिपला शून्य जी दिसतो, त्यावरून तिनं स्वतःच्या अपघाताची अचूक वर्दी दिली. आता ते दोन बारीक स्क्रूंनी बसवलंय.

मी स्वतः ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर अठराव्या मजल्यावर राहतो. डोंबिवलीची सगळी विद्या इकडे लावायला गेलो आणि फसलो. इथे गाडीचा हादरा नाही, पण कॉरिडॉरमधून वारा घुसतो आणि मजल्यावरची चारही दारं एकामागून एक आपटतात. मेट्रोच्या खांबांचं काम चालू होतं तेव्हा दिवसभर जमिनीतून ठोके यायचे. इथे उंबरठा वर आणि मोजणी कमी, डोंबिवलीत उंबरठा खाली आणि मोजणी जास्त. कंपनीची मधोमध पट्टी दोन्ही घरांना उपयोगाची नव्हती.

काही दिवस असे असतात की सेटिंगनं काहीच साधत नाही. दिवाळीत खिडकीखाली सुतळी बॉम्ब, नवरात्रात डीजे, आणि फडके रोडपासून चालत जाता येईल अशा घरात गुढीपाडव्याची सकाळ. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थाननं १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली, तेव्हापासून त्या सकाळी ढोल-ताशांचा ठेका दाराखिडक्यांनाही येतो. अशा वेळी एक साधी युक्ती कामी येते, भूकंपशास्त्रज्ञांकडून उसनी घेतलेली. एकाहून अधिक बटणं लावा, एक दारावर, एक आतल्या भिंतीवर. दोन्ही एकाच सेकंदाला बोलली तर कारण बाहेरचं. नुसतं दार बोललं तर कारण दाराशी. अँड्रॉइडची भूकंपसूचनासुद्धा, जी भारतात सप्टेंबर २०२३मध्ये आली, याच तत्त्वावर चालते: एका फोनचा धक्का म्हणजे तो टेबलावरून पडला, परिसरातले पुष्कळ फोन एकदम थरथरले तर जमीन हलली.

२३ मे २०२४च्या दुपारी डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा दूरवरच्या इमारतींच्याही काचा फुटल्या. तशा क्षणी घरातली सगळी बटणं एकदम ओरडली, तर चोराचा विचार डोक्यात आणायचा नाही. आधी माणसांना फोन करायचा.

राहिला अलर्टचा प्रवास. बटणाचा निरोप ब्लूटूथनं हब नावाच्या मध्यस्थ यंत्राकडे, हबचा वाय-फायनं राउटरकडे, तिथून इंटरनेटनं तुमच्याकडे. वीज गेली की राउटर गेला, आणि बटण जागं असूनही मुकं होतं. दोन-तीनशे रुपयांच्या सेन्सरची निवड करताना तासभर घालवणारी माणसं राउटरला छोटा बॅटरी बॅकअप घ्यायला विसरतात. मीही विसरलो होतो. दुसरं टोक तुमचं: दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजरनं निघालात आणि अलर्ट आला तेव्हा करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात असलात, तर पुढचं काय? तेव्हा ॲपमध्ये निरोप घेणारा दुसरा माणूस घालाच, आणि तो त्याच मजल्यावर राहणारा असावा. स्थानिक पोलीस ठाण्याचा नंबर फोनमध्ये आधीच साठवलेला असू द्या. आमच्या घरी तो दुसरा माणूस म्हणजे समोरच्या काकू. त्यांनी ॲप घ्यायला नकार दिला, म्हणाल्या, "मला कडी ऐकू येते." शेवटी त्यांच्या मुलाच्या फोनवर घातलं.

या वर्षी गावाला निघायच्या आदल्या दिवशी एवढं करा. कोणालातरी बाहेर उभं करून, कुलूप लावलेल्या स्थितीत, कडीकोयंडा मिनिटभर हिसकायला सांगा. तुम्ही दोन गल्ल्या पलीकडे जाऊन मोबाइल डेटावर थांबा, घरच्या वाय-फायवर नाही. मिनिटभरात फोन वाजला नाही तर आधी सेल बदला, मग राउटर बघा, आणि पट्ट्यांना हात सर्वात शेवटी लावा. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा.